कफीलच्या खणातला पासपोर्ट : आखात आणि आपली कथा

मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन १९९० साली सोलापुरात भरले. त्याला आता पस्तीस वर्षे होऊन गेली. या काळात आपल्या लेखक-कवींनी दंगल लिहिली, तलाक लिहिला, मोहल्ल्यातले दारिद्र्य लिहिले, संशयाने पाहणारी शेजाऱ्याची नजर लिहिली. हे लिहिणे आवश्यक होते आणि त्यातले काही उत्तम उतरले आहे. पण ज्या कमाईवर कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांची चूल पन्नास वर्षे पेटते आहे, तिची खरी हकिकत आपल्या कथेच्या दाराबाहेरच उभी राहिली. मी आखातातल्या नोकरीबद्दल बोलतो आहे; आणि नेमके सांगायचे तर त्या नोकरीच्या कागदाबद्दल. कफीलच्या खणात ठेवलेला पासपोर्ट आणि खिशात बाळगायचा इकामा, या दोन वस्तूंबद्दल.

आखात आपल्या कथेत अजिबात आलेले नाही असे नव्हे. ते येते, पण पेटीतून येते. दोरीने करकचून बांधलेले खोके अंगणात उतरते, त्यातून अत्तर, ब्लँकेट, टेपरेकॉर्डर, मुलांसाठी चॉकलेटे निघतात. पुढे कौलारू घराच्या जागी स्लॅबचे घर उभे राहते आणि त्यातल्या निम्म्या खोल्यांना कुलूप असते. बायको दोन-दोन वर्षे वाट पाहते, सुट्टीवर आलेल्या बापाला लहान मूल ओळखत नाही. दिवाळी अंकांतून आणि संमेलनांच्या स्मरणिकांतून अशा कथा मी बऱ्याच वाचल्या. काही खरोखर हेलावून टाकणाऱ्या होत्या. पण त्या साऱ्या उंबरठ्याच्या अलीकडून लिहिलेल्या आहेत. सहारच्या विमानतळावर निरोप दिला की नायक कथेतून नाहीसा होतो, तो पुढच्या सुट्टीला उगवतो. मधल्या दोन वर्षांसाठी आपल्या कथेत एकच शब्द आहे : 'तिकडे'.

हमीद दलवाईंना याबद्दल दोष देता येणार नाही. 'इंधन' १९६५ साली प्रसिद्ध झाली, तेलाचे भाव १९७३ च्या अखेरीस भडकले आणि १९७७ मध्ये दलवाई गेले. 'इंधन'मध्ये बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला एक आजारी माणूस आहे. तो आतला आहे, तरी बाहेरून पाहू शकतो, म्हणून गावाचे पोट उघडे पडते. दलवाईंच्या समाजविषयक मतांबद्दल आपल्यात वाद आहेत आणि ते राहतील. परंतु पाहण्याची ही जी जागा त्यांनी कोकणी मुसलमानाच्या कथेला मिळवून दिली, ती आखातातून परतलेल्या माणसासाठी पुढे कुणी वापरलेली निदान माझ्या वाचनात नाही.

या उणिवेचा मी नव्याने विचार करू लागलो तो एका मल्याळी कादंबरीमुळे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मारुंजीत मुलाकडे राहायला आलो. मारुंजी हे मुळशी तालुक्यातले, हिंजवडीला लागून असलेले गाव. आता शेतांमधून उंच इमारती उठल्या आहेत. मुले-सुना आयटी पार्कात गेली की आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचा दिवस संपता संपत नाही. म्हणून आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये जमतो आणि आधी ठरवून वाचलेल्या पुस्तकावर बोलतो. २०२४ मध्ये ब्लेसी यांचा चित्रपट आला, त्यानंतर कुणीतरी बेन्यामिन यांची मूळ कादंबरी 'आडुजीवितम' सुचवली. मल्याळममध्ये ती २००८ साली आली, दुसऱ्याच वर्षीचा केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला आणि २०१२ मध्ये इंग्रजी भाषांतर आले. आम्ही ते इंग्रजीतून वाचले.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. नदीतून वाळू काढणारा नजीब रियाधला उतरतो, विमानतळावर भेटलेल्या माणसाला आपला मालक समजून त्याच्या गाडीत बसतो आणि वाळवंटातल्या बकऱ्यांच्या वाड्यावर येऊन पडतो. तीनेक वर्षे तो माणसांत नसतोच. बैठकीत सर्वांचे एकमत झाले. किती भयंकर, किती अमानुष! बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर म्हणाले, असल्या लोकांना भर चौकात उभे केले पाहिजे. मी गप्प होतो. मला माझे मामू आठवत होते, आणि मामूंना तर कुणी कधी मारले नव्हते.

मामू माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. १९८३ मध्ये खेड तालुक्यातल्या आमच्या आजोळाहून ते दमामला वायरमन म्हणून गेले. पगार उशिरा यायचा, पण यायचा. खोलीत चार जण, एसी चालू. कफील ईदला गोश्त पाठवायचा. एका रमजानात सगळ्या कामगारांना त्याने स्वतःच्या खर्चाने उमऱ्याला नेले. फक्त विमानतळावरून आणल्यावर पहिल्याच दिवशी ऑफिसच्या माणसाने सर्वांचे पासपोर्ट गोळा केले आणि कपाटात ठेवले. काही आठवड्यांनी हातात इकामा आला. १९९४ मध्ये नानी गेली तो दिवस बुधवार होता. गावातल्या एसटीडी बूथवरून निरोप गेला तो रात्री. गुरुवार-शुक्रवार तिकडे त्या काळी सुट्टी. कफील रियाधला, कपाटाची किल्ली त्याच्याकडे. तो आला, त्याला वाईट वाटले, त्याने तिकिटाचे पैसेही दिले. मग परतीच्या व्हिसासाठी जवाजातच्या कचेरीत खेपा. मामू सहाव्या दिवशी गावात पोचले. "मय्यत काय कुणी थांबवून ठेवतो?" ते अजून म्हणतात. "पासपोर्ट खिशात असता तरी माती द्यायला पोचलो नसतो. कफील चांगला माणूस होता."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. ते खरेही आहे. कफील चांगला माणूस होता आणि मामूंचा पासपोर्ट त्याच्या कपाटात होता, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. आणि आपल्या कथेला जे पेलता आलेले नाही ते नेमके हे.

आता पुन्हा 'आडुजीवितम'कडे वळतो. कादंबरीची सुरुवात वाळवंटात होत नाही हे सिनेमा पाहून आलेल्यांच्या लक्षात राहत नाही. ती सुरू होते रियाधमधल्या एका पोलीस ठाण्यासमोर. नजीब आणि हमीद हे दोघे, आपल्याला कुणीतरी अटक करावी म्हणून तिथे खटपट करीत उभे आहेत. कागद नसलेल्या माणसाला मायदेशी जाण्याचा जो रस्ता उरतो तो तुरुंगातून जातो. त्या तुरुंगात ओळखपरेड होते. मालक येतात, रांगेतून फिरतात, आपला पळालेला माणूस ओळखून घेऊन जातात. हमीदचा मालक येतो, त्याला ओळखतो आणि फरफटत घेऊन जातो. नजीबचाही अरबाब येतो. नजीबच्या समोर थांबतो, खांद्यावर हात ठेवतो आणि पुढे निघून जातो. त्याने दया केली असे नजीबला क्षणभर वाटते. खरे कारण नंतर कळते : नजीब त्याच्या व्हिसावर आलेलाच नव्हता. विमानतळावरून त्याने दुसऱ्याचाच माणूस उचलून नेला होता. कागदावर तो त्याचा असता तर त्याने त्याला ओढत परत नेले असते.

माझ्या मते कादंबरीचा गाभा या प्रसंगात आहे. ज्याचे सारे बेकायदा होते तो नजीब सुटतो. ज्याच्यावर मालकाचा कागदोपत्री हक्क आहे तो हमीद परत जातो. वाड्यावरचे हाल हे एका दुष्ट माणसाचे कृत्य म्हणून बाजूला ठेवता येतात आणि आमच्या क्लब हाउसमध्ये ते तसे ठेवलेही गेले. हमीदचे तसे करता येत नाही. त्याला नेणारा हात मालकाचा असला तरी त्या हाताला जोर देणारा कागद आहे. बेन्यामिन स्वतः बरीच वर्षे बहरैनमध्ये नोकरीला होते, त्यांना हे ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? तरीही त्यांनी हमीदला चार पाने दिली आणि नजीबला सारे पुस्तक. लेखक म्हणून हा निर्णय मला समजतो. वाळवंट, तहान, बकऱ्या आणि साप यांपुढे कपाटातला एक पासपोर्ट काय टिकणार? पण त्यामुळे झाले असे की जगभरच्या वाचकाने कफाला म्हणजे वाळवंटातला छळ असे समीकरण मांडले. आमच्या गावातले नव्वद टक्के लोक त्या समीकरणात बसत नाहीत. ते हमीदसुद्धा नाहीत. ते मामू आहेत. (नव्वद हा आकडा माझ्या अंदाजाचा. आमच्या मोहल्ल्यातली घरे मोजून सांगतो आहे, सरकारी खानेसुमारी म्हणून नव्हे.)

मग मामूंची कथा कशी लिहायची? ती लिहिण्यासाठी आधी कागदाची रीत समजून घ्यावी लागते, आणि इथे आपले बहुतेक लेखक कंटाळा करतात. परदेशी कामगाराचा राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, एका विशिष्ट मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की राहण्याचा हक्कही सुटतो. मालकाने 'पळाला' अशी नोंद केली, तिला सौदीत हुरूब म्हणतात, की माणूस त्याच खोलीत, त्याच खाटेवर झोपलेला असताना बेकायदा ठरतो. रस्त्यात पोलीस विचारतो तो इकामा. पासपोर्टची गरज पडते ती फक्त देश सोडताना. म्हणजे कपाटात जे ठेवलेले असते ते घरी जाणे असते. आता गंमत पाहा. पासपोर्ट ठेवून घेणे तिकडच्या कायद्यातही बसत नाही. सौदी मंत्रिमंडळाने २००० साली ठराव करून कामगाराचा पासपोर्ट त्याच्याकडेच राहावा असे म्हटले आणि सरकारी भाषेतून 'कफील' हा शब्दसुद्धा काढून 'कामाचा मालक' असा शब्द घातला. कुवेतने २००७ मध्ये खासगी कंपन्यांना मनाई केली. कतारच्या २०१५ च्या कायद्यात यासाठी २५,००० रियालपर्यंत दंड आहे. शब्द बदलला, दंड आला, आणि कपाटे भरलेलीच राहिली. कारण कामगाराकडून 'मी माझ्या मर्जीने ठेवायला देत आहे' अशी सही घेता येते. अरबीतल्या त्या कागदावर मामूंनीही कधीतरी सही केली असेल. त्यांना आठवत नाही. एवढे मात्र ते आवर्जून सांगतात की पासपोर्ट त्यांच्याजवळ असता तर हरवला असता.

नंतर बरेच बदल झाले, तेही सांगितले पाहिजेत. कतारने २०२० मध्ये मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची वाट मोकळी केली. सौदीने मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या कामगाराला मालकाला न विचारता बाहेर जाण्याची सोय दिली. मात्र घरकामगार, चालक, माळी, शेतमजूर आणि मेंढपाळ यांना त्या योजनेतून वगळले. म्हणजे नजीब आज असता तर या सुधारणेच्या यादीतही त्याचे नाव लागले नसते.

आपल्या बाजूचा कायदाही कथाकाराच्या कामाचा आहे. भारताच्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचे १७ वे कलम सांगते की पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. आपल्याकडे पोलीस तो पुराव्यासाठी ताब्यात घेऊ शकतात, पण पासपोर्ट जप्त करून रोखून धरण्याचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सुरेश नंदा प्रकरणात म्हटले. जे आपल्या इथल्या फौजदाराला करता येत नाही ते दमामच्या ऑफिसातला एक कारकून पहिल्याच दिवशी चहा पाजून करीत होता. यात विनोद आहे, करुणा आहे, कथा आहे. कुणी लिहिली?

शब्दांकडेही आपले लक्ष गेलेले नाही, आणि हे मला अधिक खटकते, कारण हे शब्द इतर मराठी लेखकांना परके असतील, आपल्याला नाहीत. कफील म्हणजे जामीन राहणारा, सांभाळ करणारा. कुरआनात हजरत जकरिया यांच्यावर बीबी मरियमच्या सांभाळाची जबाबदारी येते ती याच धातूतल्या शब्दाने. यतीमाचा कफील जन्नतमध्ये हुजूरांच्या (स.) किती जवळ असेल ते सांगणारी हदीस आपण मदरशात पाठ केली. त्या शब्दाचे कपाटापर्यंत काय झाले? अमानत हा दुसरा शब्द. अमानत मागेल तेव्हा परत द्यायची असते. जी मागायलाच माणूस घाबरतो ती अमानत कसली? आणि इकामा. जमात उभी राहताना जी दुसरी हाक दिली जाते तिलाही आपण इकामतच म्हणतो, अरबीत दोन्ही एकच. मामू पाच वक्त ती हाक ऐकत, आणि मशिदीकडे जाताना दुसरा इकामा खिशात आहे ना हे चाचपून पाहत. ही गोष्ट त्यांनी मला हसत सांगितली होती. एखाद्या कवीच्या हाती ती पडायला हवी होती.

कफील दुष्ट नसतानाही कागद माणसाला कसा मारतो हे ज्या लेखकाने सर्वांत आधी दाखवले तो अरबच होता. गस्सान कनफानी हा पॅलेस्टिनी लेखक काही वर्षे कुवेतमध्ये शिक्षक होता. १९६२ मध्ये बैरूतमध्ये अधिकृत कागदपत्रे नसल्यामुळे त्याला लपून राहावे लागले, त्या दिवसांत त्याने 'रिजाल फिश्शम्स' ही छोटी कादंबरी लिहिली; ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. बसऱ्याहून कुवेतला विनापरवाना जाऊ पाहणारे तिघे एका टँकरच्या रिकाम्या टाकीत लपतात. सीमेच्या नाक्यावर चालकाला आपल्या कागदावर सही घ्यायची असते. थंडगार खोलीतले अधिकारी एका नाचणारीच्या नावाने त्याची थट्टा करीत बसतात. काही मिनिटे जास्त जातात आणि टाकीत तिघेही संपतात. त्या खोलीत क्रूर असे कुणीही नाही. थट्टाच काय ती चालली आहे आणि कागद टेबलावर पडला आहे. तौफीक सालेह यांनी १९७२ मध्ये यावर चित्रपट केला. कादंबरीतल्या चालकाला अखेरीस प्रश्न पडतो की या लोकांनी आतून ठोठावले का नाही. चित्रपटात ते ठोठावतात, पण एसीच्या घरघरीत कुणाला ऐकू जात नाही. मला सालेह यांचा बदल अधिक पटतो. ठोठावणारे असतात. आपल्या घराघरांत आहेत. ते 'कफील चांगला होता' अशा भाषेत ठोठावतात, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही.

पुढे कुवेतच्याच सऊद अल्सनूसी यांनी 'साक अल-बांबू'मध्ये फिलिपिनो मोलकरीण आणि कुवेती बाप यांचा मुलगा नायक केला. कागदाने तो कुवेती, पण बापाच्या घराण्यात त्याला जागा नाही. त्या कादंबरीला २०१३ चा अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. केरळात एस. ए. जमील यांची 'दुबई कत्तु' ही पत्रगीते १९७० च्या दशकाच्या अखेरीस मापिळा घराघरांत वाजत होती. बायकोचे पत्र आणि नवऱ्याचे उत्तर. तीही उंबरठ्याचीच, पण निदान उंबरठ्याच्या पलीकडचा माणूस उत्तर देत होता. आपल्याकडे कुवेत आले ते बहुतेकांच्या मनात 'एअरलिफ्ट' (२०१६) या हिंदी सिनेमाने. २ ऑगस्ट १९९० च्या आक्रमणानंतर एअर इंडियाने लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानहून आणले, ही मोठीच गोष्ट. सिनेमाने ती एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मर्दुमकीची केली. ज्यांचे पासपोर्ट मालकाकडे राहिले आणि मालक पळून गेला, त्या गर्दीचा पडद्यावर देखावा झाला.

आपण का लिहिले नाही? मला सुचणारी कारणे फारशी सन्मानाची नाहीत. पहिले तर रोकडे आहे. मामूंच्या कफीलकडूनच पुढे मामूंच्या मेहुण्याचा व्हिसा आला, मग गल्लीतल्या दोघांचा. त्याच्याबद्दल वेडेवाकडे छापून कोण आणणार? दुसरे हरमैनच्या भूमीचा अदब. तिकडची माती डोळ्याला लावणारा माणूस तिथल्या जवाजातच्या खिडकीबद्दल तक्रार कशी करील? हा अदब मला परका नाही, माझ्याही मनात तो आहे. पण काबा आणि कामगार कचेरी यांत फरक करण्याइतकी बुद्धी अल्लाहने दिली आहे. तिसरे कारण अधिक नाजूक आहे. आपण लिहिले तर बाहेरचा वाचक लगेच म्हणेल, पाहा, मुसलमान मुसलमानाला कसे वागवतो! ही भीती खोटी नाही. आमच्या क्लब हाउसमध्ये एका सज्जनाने हे बोलूनही दाखवले, अगदी सहजपणे. मी त्यांना एवढेच विचारले की तुमच्या नातवाला पहिल्या नोकरीत मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेवाव्या लागल्या होत्या? ते हसले. दोन वर्षांचा बाँड आणि मूळ प्रमाणपत्रे कंपनीच्या तिजोरीत, हे इथल्या छोट्या कंपन्यांच्या नव्या पोरांना सांगावे लागत नाही. तिकडे पासपोर्ट, इकडे गुणपत्रिका. ठेवून घेणाऱ्याचा धर्म वेगळा, युक्ती तीच. हे आपल्या लेखकाने आत्मविश्वासाने लिहायला हवे होते, म्हणजे त्या भीतीला परस्पर उत्तर मिळाले असते.

शिवाय आपल्या लोकांच्या पाठीशी कागदाचा इतिहास फार जुना आहे, आणि तोही लिहिलेला नाही. रत्नागिरी-जंजिऱ्याकडचे कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला जाऊ लागले. करजी, फुरूस ही गावांची नावे तिकडच्या घराघरांत आजही माहीत आहेत. १९०६ च्या केप वसाहतीच्या कायद्याने तिथे राहणाऱ्या हिंदी माणसाला गावी जायचे तर फोटो लावलेला परवाना घेणे भाग पाडले; मुदतीत परतला नाही तर पुन्हा प्रवेश बंद. आई आजारी पडली, बोट चुकली, पावसाळा आडवा आला, की वीस वर्षांचे दुकान तिकडेच राहिले. म्हणजे घरी जाणे हेच ज्याला धोक्याचे, असा माणूस मामूंच्या आधी ऐंशी वर्षे आपल्यात होता. आणि याच आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या पटांगणात, १६ ऑगस्ट १९०८ रोजी हिंदी लोकांनी नोंदणीचे दोन हजारांहून अधिक दाखले कढईत घालून जाळले. गांधीजींच्या चरित्रातला प्रसंग म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. जागा मशिदीची होती, पुढाकारात मुसलमान व्यापारी होते, मुंबईच्या जुम्मा मशिदीच्या मुअज्जिनाचे चिरंजीव इमाम अब्दुल कादिर बावझीर त्या लढ्यात तुरुंगात गेले, हे मात्र तळटीपेत राहते. कागद जाळणारी पिढी आणि कागद 'हरवला असता' म्हणून दुसऱ्याकडे ठेवणारी पिढी यांच्यामध्ये काय घडले, ही एका मोठ्या कादंबरीची सामग्री आहे. उत्तर माझ्याकडे नाही. एवढे दिसते की जोहान्सबर्गला लोक समुदायाने उभे होते आणि दमामला प्रत्येक जण आपापल्या एजंटाच्या कर्जासह एकटा.

मारुंजीत आमच्या सोसायटीमागे पुढच्या इमारतीचे काम चालू आहे. पत्र्याच्या खोल्यांत माल्दा-मुर्शिदाबादकडची पोरे राहतात. आपलीच माणसे, नमाजानंतर ओळख झाली. त्यांच्यातल्या एकाने मला आपल्या आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स दाखवल्या : एक खिशात, एक मोबाईलच्या कव्हरमध्ये, एक पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. मूळ कार्ड गावी आईजवळ. जून २०२५ मध्ये मुंबईजवळ पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय असल्याचे सिद्ध झाल्यावर परत घ्यावे लागले, ही बातमी त्याने मोबाईलमध्ये जपून ठेवली आहे. मामू इकामा चाचपीत मशिदीत जात ते परदेशात. हा मुलगा स्वतःच्या देशात तेच करतो. आपल्या कथेने मामूंना वेळेवर पाहिले असते, तर या मुलाला पाहण्याचे डोळे तिच्याकडे तयार असते असे मला वाटते. तरुण लेखक-लेखिकांपैकी कुणी पुण्या-पिंपरीकडचे असतील तर त्यांनी अशा खोल्यांकडे एकदा जाऊन यावे. तिथे वाळवंट नाही, बकऱ्या नाहीत. झेरॉक्स आहेत.

हा लेख लिहिण्याआधी मी मामूंकडे गेलो होतो. सत्तरी ओलांडली आहे, गुडघे धरतात, बाकी तब्येत बरी. त्यांनी ट्रंकेतून तीन रद्द पासपोर्ट काढले, कोपरे कापलेले. पाने नवी कोरी दिसत होती. दहा वर्षांत फार तर पाच वेळा उघडलेली. मी म्हटले, "मामू, तुमच्यावर लिहिणार आहे. अंकात येईल." त्यांनी चष्मा पुसला आणि थोडा विचार केला.

"लिही. पण कफीलचं नाव नको घालू. त्याचा पोरगा अजून ईदला फोन करतो."